दहावी विज्ञान भाग १: भिंगाच्या एकाच गणिताची तीन उत्तरं, बर्फाचं उणे तापमान आणि रविवारचे तीन तास

कळवा_दहावी

आम्ही चौघं मिळून विज्ञान भाग १ ची उजळणी करतोय. राज्य मंडळ, मराठी माध्यम. दोघं ठाण्यातले, मी कळव्याची, एक जण ऐरोलीहून येतो. रसायनाचे धडे झालेत. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अंतराळ मोहिमा राहिलेत. पेपरच्या आधी आता एकच रविवार आहे. नौपाड्यातल्या अभ्यासिकेत सकाळी तीन तास अशी खोली मिळतेय जिथे बोललेलं चालतं. त्याआधी या अडचणी सुटायला हव्यात.

पहिली. ४ सेमी उंचीची वस्तू १२ सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर १८ सेमीवर ठेवली आहे. प्रतिमेचं स्थान, स्वरूप आणि उंची काढा. चौघांनी वेगवेगळं बसून सोडवलं. दोघांचं ३६ सेमी आलं, एकाचं ७.२, एकाचं उणे ७.२. ज्या दोघांचं ३६ आलं त्यांचीही रीत सारखी नाही. एकाने वस्तूचं अंतर उणे घेतलंच नव्हतं, तरी उत्तर जुळलं. मग त्याची रीत बरोबर धरायची का?

दुसरी. ३० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकला तर अंतिम तापमान किती? सगळ्यांचं उणे ६.६७ अंश सेल्सिअस येतंय. पाणी शून्याखाली गेलं तर ते गोठणार ना?

तिसरी. तीन तासांत सहा धडे कसे बसवायचे? वाचत बसलो तर दोनच होतील.

बारावी_नेरूळ

भिंगाचं आधी घेते. तुमच्या चारही वह्यांमध्ये काय झालंय ते आकड्यांवरूनच कळतंय.

भिंगाचं सूत्र: १/व्ही − १/यू = १/एफ. यू म्हणजे वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ नाभीय अंतर. सगळी अंतरं प्रकाशीय मध्यापासून मोजायची, वस्तू डावीकडे ठेवायची, डावीकडचं उणे आणि उजवीकडचं धन. म्हणजे यू नेहमी उणे. बहिर्वक्र भिंगाचा एफ धन, अंतर्वक्राचा उणे.

आता किंमती घाला. १/व्ही = १/१२ + १/(−१८) = ३/३६ − २/३६ = १/३६. व्ही = +३६ सेमी. विशालन = व्ही/यू = ३६/(−१८) = −२. प्रतिमेची उंची = −२ × ४ = −८ सेमी. प्रतिमा उजवीकडे ३६ सेमीवर, वास्तव, उलट, दुप्पट मोठी.

७.२ ज्याचं आलं त्याने सूत्र बरोबर लिहिलं पण यू च्या जागी +१८ घातले. तेव्हा १/१२ + १/१८ = ५/३६ होतात, म्हणजे ७.२. नववीतलं आरशाचं सूत्र, १/व्ही + १/यू = १/एफ, घेऊन यू उणे ठेवला तरी नेमके हेच ७.२ येतात. त्यामुळे उत्तर पाहून चूक कुठली ते ठरवू नका, वहीतली पहिली ओळ बघा.

उणे ७.२ वाल्याने एफ उणे घेतला. हेही नववीतूनच येतं. तिथे किरण एकत्र आणणारा आरसा अंतर्वक्र होता आणि त्याचा एफ उणे होता. ‘एकत्र आणणारा म्हणजे उणे’ असं डोक्यात बसलेलं असतं. भिंगात किरण एकत्र आणणारं भिंग बहिर्वक्र, आणि त्याची एफ२ नाभी उजवीकडे असते म्हणून एफ धन.

चौथ्याची वही मात्र सगळ्यात नीट तपासा. त्याने आरशाचं सूत्र घेतलं आणि यू सुद्धा धन घेतला. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि ३६ आले. आरशाचंच विशालनाचं सूत्र, उणे व्ही/यू, वापरलं असेल तर −२ सुद्धा बरोबर आले असतील. ही रीत बरोबर धरू नका. त्याला हे गणित द्या: अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर १५ सेमी, वस्तू १० सेमीवर. त्याच्या रीतीने १/१५ − १/१० = −१/३०, म्हणजे उणे ३० येईल. खरं उत्तर: १/व्ही = −१/१५ − १/१० = −५/३०, व्ही = −६ सेमी, विशालन +०.६. आभासी, सुलट, लहान प्रतिमा, वस्तूच्याच बाजूला.

उत्तर लिहून झालं की दहा सेकंद ही पडताळणी करा. बहिर्वक्र भिंगात वस्तू एफ१ च्या, म्हणजे डावीकडच्या नाभीच्या, पलीकडे असेल तर प्रतिमा वास्तवच असते आणि ती भिंगापासून नाभीय अंतराहून जास्त दूर असते. इथे १८ हे १२ पेक्षा जास्त, म्हणून ७.२ शक्यच नाही, आणि उणे उत्तर तर मुळीच नाही. अंतर्वक्र भिंगात व्ही नेहमी उणे, आणि त्याचा आकडा यू आणि एफ दोन्हींच्या आकड्यांपेक्षा लहान. ६ हा १० पेक्षाही लहान, १५ पेक्षाही लहान, म्हणून पटतं. ३० पटत नाही.

आणखी एक जागा जिथे गुण हमखास जातात: भिंगाची शक्ती. नाभीय अंतर मीटरमध्ये हवं. २० सेमी म्हणजे ०.२ मी, शक्ती ५ डायॉप्टर. सेमीच ठेवलं तर ०.०५ येतं. चष्म्याचे नंबर कोणत्या घरात असतात ते आठवलं तरी हे उत्तर खटकतं. दोन भिंगं चिकटवली की शक्तींची बेरीज चिन्हासकट: +५ आणि −२ मिळून +३ डायॉप्टर, नाभीय अंतर सुमारे ३३.३ सेमी. नाभीय अंतरांची बेरीज कधीच करू नका.

घणसोली_किरण

ताईने गणिताचं सांगितलं, मी आकृतीचं सांगतो.

किरणाकृती काढताना कागदावर एफ २ सेमी ठेवा, वस्तू दीड सेमी उंच. वस्तू एफ१ आणि २एफ१ यांच्यामध्ये काढायची तर ती ३ सेमीवर ठेवा. प्रतिमा बरोबर ६ सेमीवर, ३ सेमी उंच, उलटी आली पाहिजे. वस्तूपासून प्रतिमेपर्यंत एकूण ९ सेमी, उत्तरपत्रिकेत आरामात मावतं. एफ ४ सेमी घेतलं की प्रतिमा समासाबाहेर पळते आणि मग मुलं हाताने किरण वाकवून तिला आत आणतात. वस्तू एफ१ च्या आत हवी असेल तर १ सेमीवर ठेवा. प्रतिमा डावीकडेच २ सेमीवर, ३ सेमी उंच, सुलट येईल. म्हणजे आकृती हीच तुमच्या गणिताची तपासणी.

किरण दोनच पुरतात. एक मुख्य अक्षाला समांतर जाऊन अपवर्तनानंतर एफ२ मधून जाणारा, दुसरा प्रकाशीय मध्यातून न वळता सरळ जाणारा. प्रत्येक किरणावर बाण हवा. आभासी प्रतिमेसाठी मागे वाढवलेल्या रेषा तुटक, प्रतिमाही तुटक. ओ, एफ१, एफ२, २एफ१, २एफ२ ही नावं लिहायला विसरलात तर पूर्ण बरोबर आकृतीचेही गुण कापले जातात.

रविवारी एक साधं हातभिंग घेऊन या. भिंतीवर पांढरा कागद लावा आणि खिडकीसमोर उभं राहून भिंग कागदाच्या पुढे मागे सरकवा. समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरची टाकी, सगळं उलटं आणि रंगीत कागदावर उमटेल. जिथे कडा सगळ्यात रेखीव दिसतील तिथे भिंग ते कागद हे अंतर पट्टीने मोजा. तेच नाभीय अंतर. खोलीतला दिवा बंद ठेवा, नाहीतर प्रतिमा फिकी पडते.

यात एक गोम आहे. पुस्तकात ‘दूरची वस्तू’ म्हटलंय, पण किती दूर? १५ सेमीच्या भिंगासमोर इमारत १० मीटरवर असेल तर प्रतिमा १५.२ सेमीवर येते. दोन मिलिमीटरचा फरक, पट्टीने मोजताना चालून जातो. तेच खोलीतल्या २ मीटरवरच्या ट्यूबलाइटवर केलं तर १६.२ येतं आणि नाभीय अंतर चुकतं. हे दोन्ही आकडे सूत्रात घालून स्वतः काढून बघा, भिंगाच्या सूत्राचा चांगला सराव होतो.

कोपरखैरणे_उष्णता

बर्फाच्या गणिताबद्दल.

उणे ६.६७ आलं याचा अर्थ ‘सगळा बर्फ वितळला’ हे तुम्ही न तपासता धरून चाललात. सूत्रात ५० × ८० + ५० × टी = १०० × (३० − टी) असं लिहिलं (८० म्हणजे एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणाऱ्या कॅलरी, टी म्हणजे अंतिम तापमान) की तो बर्फ पूर्ण वितळल्याचं तुम्ही कबूल केलेलंच असतं. आधी हिशोब मांडा, समीकरण नंतर.

पाणी ३० वरून शून्यापर्यंत येताना जास्तीत जास्त किती उष्णता देऊ शकतं? १०० × १ × ३० = ३००० कॅलरी. सगळा बर्फ वितळायला किती लागते? ५० × ८० = ४००० कॅलरी. ऐपत ३००० ची आणि गरज ४००० ची. म्हणजे ३००० ÷ ८० = ३७.५ ग्रॅमच वितळेल, साडेबारा ग्रॅम बर्फ तसाच राहील, आणि मिश्रणाचं तापमान ० अंश. उत्तरात तापमानासोबत उरलेला बर्फही लिहा.

बर्फ २० ग्रॅमच असता तर गरज १६०० कॅलरींची. ३००० मधून त्या गेल्या की १४०० उरतात, आता पाणी १२० ग्रॅम झालेलं, तापमान १४०० ÷ १२० = ११.६७ अंश. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १२० ऐवजी १०० ने भागणं. वितळलेला बर्फ आता पाणीच आहे, त्यालाही तापावं लागतं.

शून्य अंशाच्या १० ग्रॅम बर्फाची १०० अंशाची वाफ करायची तर तीन टप्पे वेगवेगळ्या ओळींवर लिहा. वितळणं: १० × ८० = ८०० कॅलरी. ० ते १०० तापणं: १० × १ × १०० = १००० कॅलरी. वाफ होणं: १० × ५४० = ५४०० कॅलरी. एकूण ७२००. मधला टप्पा गाळणारे खूप असतात, कारण ८० आणि ५४० हे दोनच आकडे पाठ असतात. अवस्था बदलताना तापमान बदलत नाही, म्हणून त्या दोन टप्प्यांत तापमानातला फरक कुठेच येता कामा नये. ८० × १० × १०० असं कुणी लिहिलं असेल तर त्याला अप्रकट उष्मा कळलेला नाही, त्याला ती व्याख्या पुन्हा वाचायला लावा.

एककांचं: ग्रॅम असेल तर कॅलरी, किलोग्रॅम असेल तर किलोकॅलरी. जूल मागितलं तर कॅलरीला ४.१८ ने गुणा, आणि हे सगळ्यात शेवटी करा, मध्येच नको.

पाण्याच्या असंगत आचरणावर होपच्या उपकरणाचा आलेख येतो. त्यात पाण्याच्या उंच भांड्याला वर आणि खाली एकेक तापमापी असतो. मधल्या भांड्यात बर्फ आणि मिठाचं गोठण मिश्रण असतं. तापमान ४ अंशांपर्यंत उतरेपर्यंत खालचा तापमापी भराभर खाली येतो, कारण थंड झालेलं पाणी जड होऊन तळाला जातं. खालचा ४ वर आला की तिथेच थांबतो. मग वरचा उतरत उतरत शून्यापर्यंत जातो, कारण ४ च्या खालचं पाणी प्रसरण पावून हलकं झालेलं असतं आणि वरच राहतं. दोन्ही रेषा जिथे छेदतात तो ४ अंशांचा बिंदू. आलेखात खालच्या तापमापीची रेषा शून्यापर्यंत नेऊ नका.

सापेक्ष आर्द्रतेचं गणित सोपं असतं, पण त्यामागचं कारण विचारलं की मुलं अडतात. १ किलोग्रॅम कोरडी हवा २० अंशांना जास्तीत जास्त १४.७ ग्रॅम बाष्प धरते, ४० अंशांना ४९ ग्रॅम. हवेत १४.७ ग्रॅमच बाष्प असेल तर २० अंशांना सापेक्ष आर्द्रता १०० टक्के, ४० अंशांना तीच ३० टक्के. बाष्प तेवढंच, टक्केवारी वेगळी. आपल्याकडे खाडीकाठी फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की मिनिटाभरात ओली होते, कारण बाटलीजवळची हवा दवबिंदूच्याही खाली थंड होते. कारण लिहिताना ‘दवबिंदू’ आणि ‘संपृक्त’ हे दोन शब्द आलेच पाहिजेत.

कळवा_दहावी

ताई, दोन्ही दादा, खूप मदत झाली. ज्याचं ३६ चुकीच्या रीतीने आलं होतं त्याला अंतर्वक्रचं गणित दिलं. त्याचं उणे ३० च आलं, आणि मग त्याला लगेच पटलं.

आता दोन शंका. मुक्तिवेगाच्या गणितात कॅल्क्युलेटरशिवाय वर्गमूळ कसं काढायचं? आणि विद्युतधारेत फ्लेमिंगचे दोन्ही नियम आमच्यात रोज उलटसुलट होतात.

बारावी_नेरूळ

वर्गमूळाआधी १० चा घात सम करून घे. मुक्तिवेग म्हणजे २ × गुरुत्व स्थिरांक × पृथ्वीचं वस्तुमान ÷ त्रिज्या, याचं वर्गमूळ. स्थिरांक ६.६७ × १० चा उणे ११ वा घात, वस्तुमान ६ × १० चा २४ वा घात, त्रिज्या ६.४ × १० चा ६ वा घात. आधी नुसते आकडे: २ × ६.६७ × ६ ÷ ६.४ = १२.५. मग घात: −११ + २४ − ६ = ७. झाले १२.५ × १० चा ७ वा घात. सात विषम आहे, म्हणून १२५ × १० चा ६ वा घात लिही. १२५ चं वर्गमूळ ११ आणि १२ च्या मध्ये, ११.२ चा वर्ग १२५.४४, म्हणजे ११.२ च्या किंचित खाली. उत्तर ११.२ × १० चा ३ रा घात मी/से, म्हणजे ११.२ किमी/से. घात सम न करता १२.५ चंच वर्गमूळ ३.५ काढून पुढे साडेतीन घात लिहिणारे असतात, तिथे गणित तुटतं.

गुरुत्वाकर्षणात आणखी दोन जागा. ‘पृथ्वीच्या पृष्ठभागापासून त्रिज्येइतक्या उंचीवर’ असं असेल तर केंद्रापासूनचं अंतर दुप्पट, म्हणून गुरुत्वत्वरण एक चतुर्थांश. उंचीच अंतर म्हणून घातली तर काहीच बदल दिसत नाही आणि उत्तर चुकतं. आणि वर फेकलेला चेंडू: चढताना गुरुत्वत्वरण उणे, सर्वोच्च बिंदूला वेग शून्य. २० मी उंच जायचा असेल तर त्वरण १० धरून सुरुवातीचा वेग २० मी/से, चढायला २ सेकंद. प्रश्नात ‘परत येण्यास एकूण वेळ’ असेल तर ४ सेकंद. प्रश्नातल्या ‘एकूण’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा.

ठाणे_विद्युत

फ्लेमिंग: डावा हात मोटारीसाठी, उजवा जनित्रासाठी. दोन्हीत तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे. डाव्या हातात मधलं बोट दिलेल्या धारेकडे, अंगठा बलाकडे. उजव्यात अंगठा वाहकाच्या गतीकडे, मधलं बोट प्रवर्तित धारेकडे. गोंधळ नियम पाठ नसल्याने कमी होतो. क्षेत्र दक्षिण ध्रुवाकडून उत्तरेकडे धरलं जातं म्हणून जास्त होतो. क्षेत्र नेहमी उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे. सरावाला हे घ्या: कागदावर धारा डावीकडून उजवीकडे, क्षेत्र कागदात आत शिरणारं. बल कागदाच्या वरच्या काठाकडे आलं पाहिजे. चौघांनी एकदम हात धरून बघा, ज्याचा अंगठा खाली जाईल त्याने उजवा हात धरलाय किंवा क्षेत्र उलटं घेतलंय.

मोटारीत दुभंगलेलं कडं कशासाठी, हा प्रश्न नेहमी असतो. अर्ध्या फेऱ्यानंतर कुंडलातली धारा उलटी झाली नाही तर बलं कुंडल मागे फिरवतील. दुभंगलेल्या कड्याचे दोन भाग ब्रशांची अदलाबदल करतात आणि फिरणं एकाच दिशेने चालू राहतं. प्रत्यावर्ती धारेच्या जनित्रात कडी अखंड असतात. आकृती काढताना ही अदलाबदल झाली की मोटारीचं जनित्र होतं.

शक्तीचं एक फसवं गणित. २२० व्होल्ट, १०० वॉटचा बल्ब ११० व्होल्टवर लावला तर ५० वॉट नाही, २५ वॉट. रोध बदलत नाही असं धरून: रोध = २२० × २२० ÷ १०० = ४८४ ओहम, आणि ११० × ११० ÷ ४८४ = २५. विभवांतर अर्धं झालं की धाराही अर्धी होते, म्हणून शक्ती चौथाई. वितळतारेचं: २ किलोवॉटचं उपकरण २२० व्होल्टवर ९.०९ अँपिअर घेतं, म्हणून ५ अँपिअरची तार वितळणार. वीजबिलाचं: १५०० वॉटचा गीझर रोज अर्धा तास, ३० दिवस. १.५ × ०.५ × ३० = २२.५ युनिट. वॉटचे किलोवॉट आणि मिनिटांचे तास, हे दोन बदल सगळ्यात आधी.

वीज दूरवर नेताना विभवांतर जास्त का ठेवतात, याचं उत्तर पाठ करण्यापेक्षा ठाणे स्टेशनात वर बघा. लोकलच्या तारेत आज २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आहे, पूर्वी मुंबईच्या लोकल १५०० व्होल्टच्या दिष्ट धारेवर चालायच्या. समजा गाडीला १५०० किलोवॉट हवेत. १५०० व्होल्टवर धारा १००० अँपिअर, २५,००० व्होल्टवर फक्त ६०. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असते. तारेचा रोध तोच धरला आणि फक्त धारेचा विचार केला तरी १००० भागिले ६०, त्याचा वर्ग, म्हणजे तोटा सुमारे २७८ पटींनी कमी. ज्यूलच्या नियमाचं यापेक्षा मोठं उदाहरण तुम्हाला रोजच्या वाटेवर मिळणार नाही.

विज्ञान_शिक्षक_वाशी

मुलांनो, गणितं छान चालली आहेत. मी फक्त रविवारच्या बैठकीबद्दल आणि लेखनाबद्दल सांगतो.

पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, वाचन आणि तपासणी धरून. पहिल्या प्रश्नात १० गुण एकेका गुणाचे. दुसऱ्यात शास्त्रीय कारणं तीनपैकी दोन आणि दोन गुणांचे पाचपैकी तीन, मिळून १०. तिसऱ्यात तीन गुणांचे आठपैकी पाच, म्हणजे १५. चौथ्यात पाच गुणांचा दोनपैकी एक. सगळ्यात जास्त गुण तिसऱ्या प्रश्नात आहेत, तुमची मेहनतही तिथेच जास्त जाऊ द्या.

तीन तासांत धडे वाचू नका. वाचन शनिवारपर्यंत घरी. प्रत्येकाने येताना तीन गुणांची तीन गणितं आणि दोन कारणं आणायची, उत्तरं वेगळ्या कागदावर, घडी घालून. दुसऱ्याने आणलेलं गणित सोडवायचं, स्वतःचं नाही. एका गणिताला नऊ मिनिटं, घड्याळ लावून, न बोलता. मग वह्या बदला आणि लाल पेनाने एकेक पायरी तपासा: दिलेली माहिती एककांसह, सूत्र, किंमती चिन्हांसह, उत्तर एककासह. सूत्र न लिहिता थेट किंमती घातल्या असतील तर उत्तर बरोबर असलं तरी त्या पायरीवर खूण करा. चर्चा फक्त जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत तिथेच करायची. एक तास झाला की दहा मिनिटं उठा, पाणी प्या.

शेवटच्या तासात आकृत्या. प्रत्येकाने एक आकृती तोंडाने सांगायची, बाकी तिघांनी न बघता काढायची. सांगणाऱ्याला ‘मग इथे एक रेघ’ म्हणता येणार नाही, ‘प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण’ असंच म्हणावं लागेल. ज्याला आकृती सांगता येते त्याला ती समजलेली असते.

शास्त्रीय कारणात मुलं प्रश्नच फिरवून लिहितात. ‘थंड प्रदेशात नळ फुटतात कारण थंडीने ते फुटतात’ याला गुण नाहीत. कोणता गुणधर्म, त्यामुळे काय घडतं, आणि शेवटी निष्कर्ष, हा क्रम ठेवा. पाणी ४ अंशांखाली थंड होताना प्रसरण पावतं आणि गोठताना त्याचं आकारमान आणखी वाढतं. नळात जागा नसल्याने भिंतीवर प्रचंड दाब पडतो. म्हणून नळ फुटतो. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का, यात ५४० कॅलरी प्रति ग्रॅम हा आकडा लिहिलात तर उत्तर भक्कम होतं.

अंतराळ मोहिमांचा धडा लहान म्हणून सोडू नका. भूस्थिर उपग्रहाचा वेग आणि परिभ्रमणकाल हे तीन गुणांचं गणित त्यातूनच येतं.

कळवा_दहावी

सर, रविवारी असंच करतो. भूस्थिर उपग्रहाचं गणित आत्ताच बसून केलं. वेग ३.०८ किमी/से आला, पण परिभ्रमणकाल २४ तास येत नाही. माझा २३ तास ५३ मिनिटं आणि ऐरोलीच्या मित्राचा २३ तास ५४. कुणाचं बरोबर?

बारावी_नेरूळ

दोघांचं. त्रिज्या ६४०० आणि उंची ३५७८० मिळून ४२१८० किमी. परिघ ÷ वेग करताना तू पाय ३.१४ घेतलास, म्हणून ८६,००३ सेकंद, २३ तास ५३ मिनिटं. मित्राने ३.१४१६ घेतला असणार, ८६,०४७ सेकंद, २३ तास ५४. पेपरात दोन्ही चालतात, फक्त पाय किती घेतला ते ओळीत लिहा. वेग काढताना ४२१८० किमीचे मीटर करूनच वर्गमूळात घाला, आणि वेग किमी/से मध्ये आणल्यावर परिघही किमीतच ठेवा.

आणि २४ तास यायलाच नको होते. दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी सुमारे २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते, भूस्थिर उपग्रह त्याच गतीने फिरतो. उरलेला दोन-तीन मिनिटांचा फरक पृथ्वीचं वस्तुमान ६ आणि त्रिज्या ६४०० अशी गोळाबेरीज आकड्यांत घेतल्यामुळे पडतो.